भिंत भिंतच राहावी म्हणून : बिल्डिंगस्मार्टची वाटचाल

आमच्या मुकुटबन गावातल्या एका घराचं संगणकावरचं मॉडेल मी पहिल्यांदा नागपूरच्या स्ट्रक्चरल इंजिनिअरांकडे पाठवलं, तेव्हा त्यांचा फोन आला, "भिंती दिसतात हो, पण त्या भिंती नाहीत." खरंच होतं. माझ्याकडे दार सरकवलं की भिंतीतलं भगदाडही सोबत सरकायचं. त्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये तीच भिंत नुसता ठोकळा होऊन बसली होती. माल कोणता, मजला कोणता, काही सांगेना. त्यांनी सगळं घर पुन्हा काढलं. आमच्या गावच्या कारखान्यातली सिमेंटची गोणी कुठल्याही मिस्त्रीकडे गेली तरी सिमेंटच असते. मॉडेलच्या नशिबी तेवढंही नव्हतं.

या दुखण्यावर एक संस्था तीस वर्षांपासून झटते आहे. १९९४मध्ये ऑटोडेस्कने १२ अमेरिकी कंपन्यांना एकत्र बसवलं. घर काढणारा, गणित करणारा आणि एसीच्या नळ्या टाकणारा या सगळ्यांना एकच मॉडेल वापरता येईल का, हे बघायचं होतं. जमेल, पण नियम एकाच कंपनीच्या हाती असून भागणार नाही, हे लवकरच लक्षात आलं. १९९५मध्ये संस्थेची दारं सगळ्यांना उघडली, १९९६मध्ये ती आंतरराष्ट्रीय झाली. २००५मध्ये तिने बिल्डिंगस्मार्ट हे नाव घेतलं. मला या इतिहासातला सर्वांत मोठा निर्णय दारं उघडण्याचाच वाटतो.

तिचं मुख्य काम म्हणजे इंडस्ट्री फाउंडेशन क्लासेस, आयएफसी : वेगवेगळ्या सॉफ्टवेअरांना वाचता येईल असा मॉडेलचा खुला साचा. पहिली आवृत्ती नव्वदच्या दशकातली. २००६ची २एक्स३ आवृत्ती ऑफिसांत रुळली, ती आजही भेटते. २०१३मध्ये आयएफसी ४ ला आयएसओ १६७३९ हा आंतरराष्ट्रीय मानकाचा क्रमांक मिळाला. २०२४च्या ४.३ मध्ये रस्ते, पूल आणि रेल्वेही आले.

मधल्या काळात, २००४ साली, अमेरिकेच्या 'निस्ट' संस्थेने हिशेब मांडला. सॉफ्टवेअरांचं आपसात न जुळल्याने तिथल्या मोठ्या इमारतींच्या व्यवसायाला वर्षाला सुमारे १,५८० कोटी डॉलरचा फटका बसत होता, आणि त्यातला जवळजवळ दोन तृतीयांश इमारतीच्या मालकांच्या व त्या चालवणाऱ्यांच्या माथी. म्हणूनच मी म्हणतो, मॉडेल घरमालकाचं आहे. सॉफ्टवेअरचं भाडं थकलं म्हणून त्याला स्वतःचं घर बघता येऊ नये, हे मला पटत नाही.

आयएफसीची फाईल साध्या नोटपॅडमध्येही उघडते. एकेका ओळीत एकेक वस्तू. भिंतीची ओळ वेगळी, भगदाडाची वेगळी, दाराची वेगळी. हे भगदाड या भिंतीत, हे दार या भगदाडात, हे नातं सांगणाऱ्या ओळी आणखी वेगळ्या. प्रत्येक वस्तूला २२ अक्षरांची स्वतःची ओळख. ठोकळ्यात हरवलं होतं ते हे नातंच.

तरी एक गोष्ट सांगायलाच हवी. आयएफसी आणली की समोरच्या सॉफ्टवेअरमध्ये सगळं जसंच्या तसं बदलता येईल, ही अपेक्षा चूक आहे. संदर्भाला, ताळमेळाला, मोजमापाला ती उत्तम. दुरुस्ती मात्र ज्याची त्याने आपल्या मूळ फाईलमध्ये करावी. बीम नळीला आडवा आला, तर तेवढा निरोप बीसीएफ या छोट्या फाईलने पाठवता येतो, सगळं मॉडेल पाठवायची गरज नाही. पाठवण्याआधी शून्यबिंदू आणि माप, फूट की मिलिमीटर, एवढं फोनवर ठरवून घ्यावं. माझं निम्मं काम तिथेच वाचलं.

विदर्भाला हा विषय परका नाही. नागपूर मेट्रोने वेळापत्रक आणि खर्च मॉडेलशी जोडणारं फाइव्ह-डी बिम (बिल्डिंग इन्फर्मेशन मॉडेलिंग) वापरलं. पण गावातल्या दोन खोल्यांच्या घरालाही ते मिळावं, अशी माझी तळमळ आहे.

परवा त्याच इंजिनिअरांना नवीन घर पाठवलं, या वेळी आयएफसीमधून. पाठवण्याआधी फाईल नोटपॅडमध्ये उघडली, तर एका खोलीच्या नावाजागी आकडे : ०९२६०९४७०९३५०९१८०९३०. क्षणभर धस्स झालं. मग लक्षात आलं, हे तर अक्षरांचे संगणकातले क्रमांक. चार-चार आकडे सुटे केले. ०९२६ म्हणजे द, ०९४७ म्हणजे मात्रा, पुढे व, घ, र. संध्याकाळी त्यांचा फोन आला, "देवघराचं दार पूर्वेच्या भिंतीत आहे ना? लिंटेल धरतो."