घाटाला नाव, कॅनला दोष

खोपोलीत गॅरेज टाकायचं म्हणजे बोरघाटात तापलेल्या गाड्यांवर पोट भरायचं, असा आमच्या वडिलांच्या वेळचा सरळ हिशेब. घाटाचा रस्ता १८३० सालचा, बैलगाड्यांच्या चालीचा. ऐंशीच्या दशकात त्यावरून डिझेल अँबेसेडर, मॅटाडोर, जीप माणसं कोंबून चढायच्या. दुसऱ्या गिअरात इंजिन कोकलायचं, वेग नाही म्हणून रेडिएटरला वारा नाही. घाटातल्या शिंग्रोबा देवाला नाणं टाकूनही काटा लाल पट्टीत. मग बॉनेट वर, चाकाला दगड आणि क्लीनर कॅन घेऊन पाण्याला.

लोक नावं घाटाला ठेवायचे, वडील त्या कॅनला. देशावर परतीला लागलेल्या गाड्या वर्षभर विहिरीचं जड पाणी प्यायलेल्या. ते तापलं की चुना नळ्यांना आतून धरतो. पाणी वाफ होऊन जातं, क्षार राहतात, वर पुन्हा तेच पाणी. यंदाच्या मे महिन्यात पुढच्या मे महिन्याची बेगमी.

रेडिएटर हे प्रकरणच मुळी बारीक फटींचं. १९०१ च्या मर्सिडीजसाठी विल्हेल्म मायबाखने ८,०७० चौकोनी नळ्यांची जाळी केली. नळ्यांतून हवा, मधल्या फटींतून पाणी. थोड्या पाण्यात इंजिन गार राहू लागलं. पण ही फट असो वा आमच्या गाड्यांतली पाण्याची नळी, बारीक म्हणजे बुजायलाही लवकर.

आमची रीत अशी. गाडी पूर्ण गार झाली की खालचा कॉक सोडायचा. पहिलं पाणी उकळून उकळून काळवंडलेल्या चहासारखं. धुण्याचा सोडा घालून इंजिन चालवायचं, की तेलकट गाळ सुटतो. मग खालच्या होजला नळ लावून उलटं पाणी मारायचं. चुना मात्र सोड्याला दाद देत नाही. त्यासाठी पितळी टाकीचं सोल्डर सोडवून प्रत्येक नळीतून पट्टी फिरवावी लागे. हात जरा जड पडला की नळी फाटली. हे करणारे कारागीर वेगळेच, आणि त्यांची मिजासही वेगळी.

काही मिस्त्री थर्मोस्टॅटच काढून फेकत. गाडी तापायची थांबेल कदाचित, पण इंजिन कायम गार, डिझेल जास्त, लायनर झिजलेले. हा सल्ला देणारे अजून भेटतात आणि माझं डोकं फिरतं.

नव्वदीनंतर अ‍ॅल्युमिनियमचे गाभे आणि प्लास्टिकच्या टाक्या आल्या. सोल्डरवाल्यांचं काम गेलं. सोडाही बंद केला, तो अ‍ॅल्युमिनियम खातो. २००२ मध्ये एक्सप्रेसवे पूर्ण झाला आणि खूपशी गिऱ्हाइकं वरच्या वर निघून जाऊ लागली. तरी एखादी जुनी सुमो येतेच. तिला सायट्रिक अ‍ॅसिडचं पाणी, हीटर उघडा ठेवून, म्हणजे त्याच्याही नळ्या धुतल्या जातात. मग साध्या पाण्याने खळखळून, शेवटी डिस्टिल्ड वॉटर आणि कूलंट निम्मं-निम्मं. हवा काढल्याशिवाय चावी हातात देत नाही: सेन्सरपाशी बुडबुडा अडकला तर काटा गारच दाखवतो आणि आत हेड वाकत असतं.