शत्रूला किडा म्हटलं की…

विज्ञानकथांमधले सैनिक परग्रहावरच्या शत्रूकडे कसं बघतात, हा आजचा विषय. ऐकायला करमणुकीचा वाटेल, पण त्याची मुळं खऱ्या युद्धांत आहेत.

मार्च १९४५. पॅसिफिकमध्ये जपानशी घनघोर युद्ध चाललंय. अमेरिकन मरीन सैनिकांच्या ‘लेदरनेक’ मासिकात एक व्यंगचित्र आलं. त्यात जपानी माणूस चक्क उवेच्या रूपात होता. आता उवेशी कुणी तह करतं का? ती चिरडायचीच असते.

चौदा वर्षांनी, १९५९ साली, रॉबर्ट हाइनलाइनची ‘स्टारशिप ट्रूपर्स’ आली. हाइनलाइन नौदलात अधिकारी होते, पण क्षयामुळे १९३४ मध्येच निवृत्त झाले. त्यांनी प्रत्यक्ष लढाई पाहिली नव्हती. त्यांच्या कादंबरीतला शत्रू दिसायला कोळ्यासारखा. तो बुद्धिमान आहे, अंतराळयानं बांधतो. तरी सैनिकांच्या तोंडी त्याचं नाव एकच, ‘बग’, म्हणजे किडा. हे किडे ब्युनोस आयर्स शहर नष्ट करतात आणि त्यात नायक रिकोची आई मरते. मग वाचकालाही त्यांचा राग येतोच.

आता जो हाल्डेमन यांच्याकडे बघा. १९६७ मध्ये त्यांना सक्तीनं लष्करात भरती केलं. व्हिएतनामला पाठवलं. तिथे ते जबर जखमी झाले. १९७४ साली त्यांची ‘द फॉरएव्हर वॉर’ आली. तिच्यातल्या सैनिकांना टॉरन नावाच्या शत्रूबद्दल स्वतःहून द्वेष वाटतच नाही! म्हणून लष्कर संमोहनानं त्यांच्या डोक्यात टॉरनांच्या क्रौर्याच्या खोट्या आठवणी भरतं. ऐन लढाईत इशारा मिळतो आणि हे सैनिक कत्तल करत सुटतात. नायक मँडेलाला त्या आठवणी खोट्या आहेत हे कळत असतं, तरी त्याचा हात थांबत नाही. आणि शेवटी समजतं काय, तर ११४३ वर्षं चाललेलं हे युद्ध मुळात माणसांच्याच गैरसमजातून सुरू झालं होतं.

मला इथे महत्त्वाचं वाटतं ते हे: युद्ध भोगून आलेला लेखक सांगतोय, की सैनिकाचा द्वेष आपोआप उगवत नाही, तो पेरावा लागतो. हाल्डेमन यांनी त्यासाठी संमोहन कल्पिलं. १९४५ मध्ये त्याची गरज नव्हती. एका मासिकातलं चित्र तेच काम करत होतं. म्हणून कुठल्याही माणसांना कुणी किडे म्हणू लागलं, की आधी विचारायचं: यांना मारण्याची तयारी कोण करतंय?

भेटू पुढच्या भागात.