विंडरमियर ग्रंथालयातील मौखिक इतिहास

इंग्लंडच्या कंब्रिया परगण्यातील विंडरमियर या सरोवरकाठच्या लहान गावाचे सार्वजनिक ग्रंथालय. नाझी छळछावण्यांतून वाचून १९४५ साली या परिसरात आलेल्या ३०० मुलांचा इतिहास ‘लेक डिस्ट्रिक्ट होलोकॉस्ट प्रोजेक्ट’ ही संस्था येथून जपते.

पार्श्वभूमी : दुसऱ्या महायुद्धात सरोवराच्या काठी पाण्यावर उतरणाऱ्या सन्डरलंड विमानांचा कारखाना होता. त्याच्या कामगारांसाठी कॅलगार्थ इस्टेट ही वसाहत बांधण्यात आली. युद्धानंतर ब्रिटिश सरकारने १,००० पर्यंत निराधार मुलांना प्रवेश देण्याचे मान्य केले. प्रत्यक्षात ७३२ आली. त्यांतील पहिली तुकडी ऑगस्ट १९४५ मध्ये प्रागहून विमानांनी कार्लाइलजवळ उतरली आणि कॅलगार्थला राहिली. बहुतेक मुले पोलंडमधील ज्यू कुटुंबांतली असून थेरेझिएनश्टाट येथील नाझी छावणीतून मुक्त झालेली होती. काही महिन्यांत ती इतर शहरांत पांगली. पुढे वसाहतही पाडण्यात आली आणि तिच्या जागी शाळा उभी राहिली. अशा वेळी माणसांच्या आठवणी हाच इतिहासाचा मोठा आधार ठरतो.

मुलाखती : विमान कारखान्याच्या इतिहासाचा शोध घेताना या मुलांची हकिगत स्थानिकांसमोर नव्याने आली. वार्धक्याकडे झुकलेल्या या ‘मुलां’च्या मुलाखती ध्वनिमुद्रित व चित्रित करण्यात आल्या. सरकारी कागदांवरून मुलांची संख्या, वये आणि प्रवासाचा मार्ग समजतो. स्वच्छ पांढऱ्या चादरी, पांढरा पाव आणि स्वतःचा बिछाना मिळाल्यावर त्यांना काय वाटले, हे मात्र त्यांच्याच तोंडून कळते. स्मृती तारखांत चुकू शकते, म्हणून अशा कथनांची दप्तराशी पडताळणी आवश्यक असते. अनुभवाच्या नोंदीसाठी मात्र त्यांना पर्याय नाही.

प्रदर्शन व प्रसार : ‘फ्रॉम ऑशविट्झ टू अँबलसाइड’ हे कायमस्वरूपी प्रदर्शन ग्रंथालयातच आहे. पुस्तक बदलायला आलेल्या वाचकालाही गावाचा हा वारसा सहज पाहता येतो. २०२० मध्ये बीबीसीने ‘द विंडरमियर चिल्ड्रन’ या चित्रपटातून ही कथा दूरवर पोहोचवली. याच मुलांपैकी बेन हेल्फगॉट यांनी १९५६ व १९६० च्या ऑलिंपिकमध्ये भारोत्तोलनात ब्रिटनचे प्रतिनिधित्व केले. २०२३ मध्ये त्यांचे निधन झाले.

महत्त्व : साक्षीदारांची पिढी मावळत असताना त्यांचे कथन वेळेत नोंदवणे हे ग्रंथसंग्रहाइतकेच ग्रंथालयाचे मूलभूत काम आहे, हे विंडरमियरने दाखवून दिले.