पाचारण (ख्रिस्ती)

देव माणसाला आपल्या सेवेसाठी बोलावतो आणि माणूस त्याला जन्मभराचा होकार देतो, या श्रद्धेला ख्रिस्ती परंपरेत पाचारण म्हणतात. बाप्तिस्मा झालेल्या प्रत्येकालाच पाचारण आहे, असे चर्च मानते. मात्र रूढ बोलण्यात हा शब्द धर्मगुरू, पाळक, मठवासी, धर्मभगिनी आणि मिशनरी यांच्या संदर्भात येतो.

बायबलमधील पाचारणाच्या कथांत होकार नेहमी सहज मिळत नाही. मोशे आपली जीभ जड असल्याचे सांगतो, यिर्मया आपण लहान असल्याची सबब पुढे करतो. बाल शमुवेल रात्री हाक ऐकून तीन वेळा वृद्ध याजक एलीकडे धावतो. ही हाक देवाची आहे हे अखेर एलीच्या ध्यानात येते. हाक एकाला येते आणि तिची ओळख दुसऱ्याकडून पटते, ही गोष्ट पुढील सगळ्या इतिहासात महत्त्वाची ठरली. नव्या करारात गालील सरोवरावरचे कोळी पेत्र, अंद्रिया, याकोब आणि योहान जाळी टाकून येशूमागे जातात, तर ख्रिस्तानुयायांचा छळ करणारा शौल दिमिष्कच्या वाटेवर पालटतो व पौल म्हणून ओळखला जातो.

तिसऱ्या शतकात इजिप्तमधील अँथनीने मालमत्ता वाटून टाकून वाळवंटाची वाट धरली. या वैराग्याला शिस्तीची चौकट दिली ती सहाव्या शतकात इटलीतील बेनेडिक्टने. त्याच्या नियमावलीतील ५८वे प्रकरण मुळातून वाचावे असे आहे. मठात येऊ पाहणाऱ्याला सहजासहजी आत घेऊ नये, चार-पाच दिवस त्याला दार ठोठावू द्यावे, असे ते सांगते. नंतर दोन, सहा आणि चार महिन्यांच्या अंतराने त्याला संपूर्ण नियमावली वाचून दाखवायची आणि दर वेळी जाण्याची मोकळीक द्यायची. तरीही तो टिकला, तर त्याने प्रतिज्ञापत्र स्वतःच्या हाताने लिहून वेदीवर ठेवायचे. त्याचे जुने कपडे मात्र जपून ठेवायचे. कधी मठ सोडायची वेळ आली तर ते परत देता यावेत म्हणून. इतक्या गंभीर व्रतातही माणसाच्या दुबळेपणाची अशी दखल घेतलेली आहे, हे या नियमावलीचे खरे मोठेपण.

धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरने १५०५ साली वादळात सापडल्यावर नवस बोलून मठप्रवेश केला होता. पुढे १५२१ मध्ये त्याने मठातील व्रतांवरच टीकाग्रंथ लिहिला आणि १५२५ मध्ये पूर्वाश्रमीची धर्मभगिनी कॅथरीना फॉन बोरा हिच्याशी विवाह केला. शेतकरी, चांभार, गृहिणी यांचे कामही धर्मगुरूच्या कामाइतकेच देवाने नेमून दिलेले आहे, ही त्याची शिकवण प्रॉटेस्टंट जगात रुजली. तिथे पाळक संसारी असू शकतात. ऑर्थोडॉक्स चर्चमध्येही विवाहित पुरुषाला धर्मगुरू होता येते. कॅथलिक चर्चने दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत (१९६२–६५) पवित्र जीवनाचे पाचारण सर्वांनाच असल्याचे ठामपणे मांडले. व्रतस्थ जीवनाचे स्थान मात्र कायम ठेवले.

कॅथलिक व्रतस्थ संघांत दारिद्र्य, ब्रह्मचर्य आणि आज्ञापालन ही तीन व्रते घेतली जातात. १९८३च्या धर्मसंहितेनुसार किमान बारा महिने उमेदवारी, मग निदान तीन वर्षे तात्पुरती व्रते, आणि वयाची २१ वर्षे पूर्ण झाल्यावरच आजन्म व्रते, असा क्रम आहे. धर्मप्रांतातील धर्मगुरू दारिद्र्याचे व्रत घेत नाहीत. ते ब्रह्मचर्याचे आणि बिशपांच्या आज्ञेत राहण्याचे वचन देतात.

मदर तेरेसा १९२८ मध्ये लोरेटो या धर्मभगिनींच्या संघात गेल्या, १९३७ मध्ये त्यांनी आजन्म व्रते घेतली. १० सप्टेंबर १९४६ रोजी दार्जिलिंगला जाताना आगगाडीत त्यांना गरिबांत जाऊन राहण्याची नवी हाक जाणवली. पण मठाबाहेर पडायला रोमची परवानगी मिळेपर्यंत १९४८ उजाडले. त्यानंतरची कित्येक दशके त्यांना देवाचे सान्निध्य जाणवत नव्हते, हे २००७ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या पत्रांतून कळते. सेवा मात्र थांबली नाही. पाचारण म्हणजे मनाची भारावलेली अवस्था नव्हे, हे याहून स्पष्ट दाखवणारे उदाहरण सापडणे कठीण.

पश्चिम भारतातील पाचारणाची परंपरा जुनी आहे. वसईत जन्मलेले गोन्सालो गार्सिया फ्रान्सिस्कन बंधू झाले आणि १५९७ मध्ये नागासाकी येथे हुतात्मा झाले. गोव्यातील बाणावलीचे जोसेफ वाझ १६८७ मध्ये श्रीलंकेत गेले आणि डच अमलात छळ सोसणाऱ्या कॅथलिकांची सेवा करत १७११ मध्ये कँडीत निवर्तले. २०१५ मध्ये त्यांना संतपद मिळाले. पंडिता रमाबाई कोणत्याही संघात गेल्या नाहीत; तरी केडगावच्या मुक्ती मिशनमधील निराधार स्त्रियांसाठी झिजणे आणि हिब्रू-ग्रीक शिकून बायबलचे मराठी भाषांतर करणे हेच त्यांचे व्रत ठरले. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी तर १९१७ मध्ये अमेरिकन मराठी मिशनची पगारी नोकरी सोडली, ख्रिस्ती संन्यास घेतला आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ उभारला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले ख्रिस्तभक्त तिथे एकत्र यावेत, ही त्यांची कल्पना होती. १९१९ मध्ये मुंबईत त्यांचे निधन झाले.