तळटीप : ‘सुरक्षेच्या कारणास्तव’ मोडलेला उपग्रह-करार

* लेखक इथे देवास प्रकरणाला नुसता हात लावून पुढे जातात, म्हणून थोडा खुलासा. इस्रोची व्यापारी शाखा असलेल्या अँट्रिक्सने जानेवारी 2005 मध्ये बंगळुरूच्या देवास मल्टिमीडियाशी दोन उपग्रहांवरचे एस-बँड ट्रान्सपॉन्डर भाड्याने देण्याचा करार केला. संरक्षण दलांची वाढती गरज पुढे करून मंत्रिमंडळाच्या सुरक्षाविषयक समितीने तो फेब्रुवारी 2011 मध्ये मोडीत काढला. देवासमधले परदेशी गुंतवणूकदार दोन वेगळ्या द्विपक्षीय गुंतवणूक करारांचा आधार घेऊन भारताविरुद्ध लवादात गेले, आणि निकालही वेगळे लागले. मॉरिशससोबतच्या करारात अत्यावश्यक सुरक्षा हितसंबंध जपण्याच्या रोखाने केलेली कोणतीही कृती माफ होती. जर्मनीसोबतच्या करारात मात्र ती ‘आवश्यक तेवढीच’ हवी होती. मॉरिशसच्या कंपन्यांच्या दाव्यात लवादाने 2016 मध्ये बहुमताने एस-बँड स्पेक्ट्रमची चक्क वाटणी केली : 60 टक्के लष्करासाठी, म्हणून माफ, उरलेल्या 40 टक्क्यांबाबत भरपाई देय. (ही विभागणी न्यायापेक्षा तडजोडीसारखी वाटते, पण दोन्ही बाजूंचे थोडेथोडे ऐकण्याचा मोह लवादांना नवा नाही.) जर्मन गुंतवणूकदार दॉइचे टेलिकॉमच्या दाव्यात 2017 मध्ये सुरक्षेचा बचाव टिकलाच नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2022 मध्ये फसवणुकीच्या कारणावरून देवास कंपनी गुंडाळण्याचा आदेश कायम केला, तो धागा निराळा. दरम्यान भारताने 2015 च्या अखेरीस अशा गुंतवणूक करारांसाठी नवा नमुना करार स्वीकारला. त्यात सुरक्षेच्या कारणाने घेतलेला सरकारी निर्णय लवादाने तपासायचाच नाही, अशी तरतूद आहे. — संपा.