रक्तातली तीन महिन्यांची नोंदवही

आमच्या अण्णांची एक खोड होती. साखर तपासायला जायचं म्हटलं की दोन दिवस आधीपासून भात बंद, चहा बिनसाखरेचा. रिपोर्ट हमखास चांगला यायचा. डाव्या डोळ्यापुढे जाळं आलं त्या दिवशीही खिशातला कागद म्हणत होता, उपाशीपोटी ११०. डोळ्यात थेंब टाकून पाहिलं तर आत रक्तस्राव झालेला.

'एचबीएवनसी' हे नाव आम्ही तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. अण्णांचं ९.८ आलं. हे प्रकरण आलं कुठून म्हणून मी वाचत गेलो.

आलं तेहरानहून! १९६८ साली तिथल्या विद्यापीठात डॉ. सॅम्युअल राहबार हिमोग्लोबिनमधले दोष शोधत होते. मधुमेह त्यांच्या डोक्यातही नव्हता. विजेच्या प्रवाहात हिमोग्लोबिनचे घटक वेगळे करताना काही नमुन्यांत एक पट्टा निराळाच दिसला, आणि ते रुग्ण मधुमेही निघाले. पुढे उलगडा झाला. साखर हिमोग्लोबिनला चिकटते आणि तांबडी पेशी मरेपर्यंत सहसा सुटत नाही. पेशीचं आयुष्य साधारण १२० दिवस. म्हणजे दोन दिवसांच्या उपासाला हा हिशेब फसत नाही. (राहबार ज्यू. १९७९ च्या क्रांतीनंतर त्यांना देश सोडून अमेरिकेला जावं लागलं.)

पण हा आकडा खाली आणला तर डोळे वाचतात का? यावर डॉक्टरांमध्येच कित्येक वर्षं वाद होता. तो मिटला १९९३ मध्ये. अमेरिका आणि कॅनडातले १४४१ रुग्ण, सगळे टाइप १ चे. अर्ध्यांना नेहमीची एक-दोन इंजेक्शनं. बाकीच्यांना रोज तीन किंवा जास्त, नाहीतर पंप, वर दिवसातून चार वेळा बोट टोचणं. पहिल्यांचा आकडा ९ च्या आसपास राहिला, दुसऱ्यांचा ७ च्या. सुरुवातीला ज्यांच्या पडद्यावर काहीच नव्हतं, त्यांच्यात डोळ्याच्या आजाराचा धोका ७६ टक्क्यांनी घटला. प्रयोग वर्षभर आधीच थांबवला, इतका फरक स्पष्ट होता. फुकट नाही मिळालं हे. साखर एकदम खाली जाण्याचे गंभीर प्रसंग तिप्पट झाले. पहिल्या वर्षात काहींचे डोळे उलट थोडे बिघडले, हे फारसं कोणी सांगत नाही. टाइप २ साठी ब्रिटनमधल्या अभ्यासाने १९९८ मध्ये त्याच दिशेला बोट दाखवलं.

आता गंमत बघा. ज्या दोषांच्या शोधात हे सापडलं, तेच दोष या तपासणीला चकवतात. आपल्या नंदुरबार-गडचिरोलीकडे सिकलसेल आहे. तिथे हा आकडा डोळे झाकून धरता येत नाही. रक्त कमी असलेल्या बायकांचंही तसंच. आणि आकडा बरोबर असला तरी पडद्यावर काय चाललंय ते पडदा पाहूनच कळतं.

येत्या रविवारी आमच्या वॉर्डात शिबिर आहे. फ्लेक्सवर मोठ्या अक्षरात 'मोफत शुगर तपासणी'. डोळ्यात थेंब टाकून पडदा बघणारं कोणी येणार आहे का, असं आयोजकांना परवा विचारलं. अजून उत्तर नाही. तुम्हीही विचारा.