पिंप, टाके आणि रणगाडा : एका प्रतिकृतीची पाठचिकित्सा

प्लॅस्टिकचा रणगाडा जुळवणे हा मराठीच्या अध्यापकांनी लिहिण्याचा विषय नव्हे, असा आक्षेप येणार हे गृहीत धरूनच आम्ही हे टिपण लिहीत आहोत. या छंदाकडे आपल्याकडे पोरखेळ म्हणून पाहिले जाते, आणि त्याच्याशी संबंधित साहित्य इंग्रजी, जपानी व रशियन भाषांत असल्याने तो आपला नाही असेही वाटते. परंतु एका सोव्हिएत रणगाड्याची प्रतिकृती सिद्ध करताना जे प्रश्न आमच्यासमोर उभे राहिले, ते वर्गात हस्तलिखितांविषयी आणि ऐतिहासिक कादंबरीविषयी शिकवताना पडणाऱ्या प्रश्नांपेक्षा फारसे वेगळे नव्हते. एका बाबतीत तर ते अधिक कठोर होते. कादंबरीकाराला 'त्या काळी' असे म्हणून निभावून नेता येते. प्रतिकृती करणाऱ्याला नेमका दिवस ठरवावा लागतो.

तसे पाहता प्रतिकृती मराठी घरांना परकी नाही. दिवाळीत अंगणात उभा राहणारा मातीचा किल्ला ही प्रतिकृतीच होय. मात्र तेथे प्रमाण भावनेचे असते. बुरुजापेक्षा मावळा उंच असतो, सिंहासनाला निम्मा गड लागतो आणि अहळीव किंवा मोहरीच्या कोंबांचे रान होते. कोणाला काही खटकत नाही, कारण तो किल्ला मोजण्यासाठी नसतोच. प्लॅस्टिकच्या प्रतिकृतीची प्रतिज्ञा नेमकी उलट आहे. मूळ वस्तूची पस्तीस मापे म्हणजे प्रतिकृतीचे एक माप, असा तिचा करार असतो.

या पस्तीस आकड्याचा इतिहास गमतीचा आहे. जपानमधील शिझुओका येथील तामिया कंपनीने १९६१-६२ च्या सुमारास जर्मन पँथर रणगाड्याचा किट काढला. तो मोटरवर चालणारा होता. आत मोटर व दोन बॅटऱ्या मावतील एवढा आकार त्यांनी घेतला, आणि पुढे हिशेब करता ते प्रमाण साधारण १/३५ भरले. त्यामागे ना दशमान पद्धती होती, ना फूट-इंचांची सोय. तरीही पुढच्या काळात जगभरच्या रणगाड्यांच्या किटांचे हेच प्रमाण रूढ झाले. वाङ्मयेतिहासात एखादा छंद प्रमाण ठरतो आणि दुसरा मागे पडतो, त्याची कारणे शोधणाऱ्यांनी बॅटरीचा हा दाखला ध्यानात ठेवावा.

आम्ही निवडलेला रणगाडा पीटी-७६ हा होय. 'प्लावायुश्ची टँक', म्हणजे तरंगणारा रणगाडा, या रशियन नावाची आद्याक्षरे आणि ७६ मिलिमीटर व्यासाची तोफ मिळून हे नाव झाले. १९५० च्या दशकाच्या आरंभी सोव्हिएत सैन्यात आलेला, सुमारे चौदा टनांचा, तीन माणसांचा हा हलका रणगाडा पाण्यात शिरला की पोटात पाणी ओढून ते मागच्या दोन तोंडांतून जोराने बाहेर फेकतो आणि त्या रेट्याने पुढे सरकतो. पाण्यात उतरताना पुढे एक फळी उभी करावी लागते, एरवी लाट चालकाच्या अंगावर येते. त्याची चाकेसुद्धा पोकळ आहेत, कारण तरंगण्यासाठी जेवढी हवा सोबत नेता येईल तेवढी हवीच होती. भारतीय सैनिकांनी त्याचे नाव 'पिप्पा' ठेवले. पाण्यावर तुपाचा रिकामा डबा तरंगावा तसा हा तरंगतो, म्हणून. २०२३ च्या त्याच नावाच्या हिंदी चित्रपटामुळे हा शब्द आता अनेकांच्या परिचयाचा झाला आहे.

येथे भाषेच्या विद्यार्थ्यांनी क्षणभर थांबावे. पंजाबी पीपा आणि आपले पिंप ही पोर्तुगीज 'पीपा'ची भावंडे. आणि 'टँक'? १९१५-१६ साली ब्रिटिशांनी हे यंत्र गुप्तपणे तयार केले तेव्हा ते पाणी साठवण्याचे पात्र आहे अशी बतावणी केली, आणि तेच नाव चिकटले. हा इंग्रजी शब्द मुळात गुजराती-मराठीतील 'टांके'वरून गेला असावा, असे कोशकार सुचवतात. म्हणजे देवगिरीवर पाण्याचे जे टाके आपण पाहतो, त्याचाच दूरचा नातलग १५ सप्टेंबर १९१६ रोजी सोमच्या रणभूमीवर प्रथम उतरला. इंग्रजीने टाके म्हटले, जवानांनी पिंप म्हटले; मराठीने मात्र 'रणगाडा' म्हणून त्याला बैलगाडीच्या कुळात घेतले. शब्द म्हणून आम्हांला आपलाच अधिक आवडतो, पण चिलखताच्या आत माणसे कोंडलेली असतात ही गोष्ट पहिल्या दोन शब्दांत अधिक उतरली आहे, हे मान्य करावे लागते.

पीटी-७६ तयार झाला तो व्होल्गाकाठच्या ट्रॅक्टर कारखान्यात. १९६१ पर्यंत त्या शहराचे नाव स्टालिनग्राड होते. मराठी वाचकाला ते नाव कोठे भेटते हे सांगायला नको. वाटेगावात जन्मलेल्या, शाळेचे तोंड जेमतेम पाहिलेल्या अण्णाभाऊ साठे यांनी त्या लढाईवर १९४३ च्या सुमारास पोवाडा रचला. त्या वेळी ते मुंबईच्या कामगार वस्तीत राहत होते आणि रशिया त्यांनी पाहिलेला नव्हता. तो प्रवास घडला १९६१ मध्ये, आणि त्यावरचे त्यांचे प्रवासवर्णन आपल्या अभ्यासात असते. मॉस्कोत २०२२ साली त्यांचा पुतळा बसला, त्यामागेही मुख्यतः हेच नाते आहे.

त्या पोवाड्याच्या काळातला स्टालिनग्राडचा कारखाना टी-३४ रणगाडे करीत होता. ऑगस्ट १९४२ मध्ये जर्मन फौजा त्याच्या वेशीपर्यंत आल्या आणि ऑक्टोबरमध्ये कारखान्यासाठीच घनघोर लढाई झाली. तेथला टी-३४ ओळखण्याची खूण छंदिकांना पाठ असते : चाकांच्या कडेला रबर नाही, नुसते पोलाद. रबराचा तुटवडा पडला, म्हणून चाकाची रचनाच बदलावी लागली. आज १/३५ प्रमाणातले किट अशी चाके स्वतंत्रपणे देतात. जेमतेम अडीच सेंटिमीटरचे ते चाक हातात घेतले की एका देशाची टंचाई बोटांना लागते. पोवाडा हे सांगत नाही, आणि त्याने सांगावे अशी अपेक्षाही नाही. पोवाड्याचे काम श्रोत्याला त्या शहराच्या बाजूने उभे करण्याचे आहे, चाकाचे काम साक्ष देण्याचे. दोन्हींची गरज असते, पण आपल्या ऐतिहासिक कादंबरीने बहुधा पहिल्याच कामाला दोन्ही समजून चालवले. तिच्यातला तपशील पुष्कळदा दागिन्यासारखा असतो. शालूचा काठ, तलवारीची मूठ, पंगतीतली पक्वान्ने यांची रेलचेल असते, पण ती मूठ कोणत्या दशकातली हे विचारले की उत्तर मिळत नाही.

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू. मूळ रणगाड्याचा सांगाडा, तोफ सोडून, ६.९१ मीटर लांब आहे. प्रतिकृतीत तो पावणेवीस सेंटिमीटर होतो. वजनाचा हिशेब मात्र घनाने करावा लागतो. पस्तीसचा घन ४२,८७५. चौदा टनांना त्याने भागले की सुमारे ३२५ ग्रॅम येतात. किट आणतानाची एक अडचण म्हणजे सोबतचे रंग आणि डिंक. ते ज्वालाग्राही असल्याने विमानाने येत नाहीत, म्हणून बहुतेक साहित्य घरातलेच वापरावे लागते. जुन्या पंख्याच्या वाइंडिंगमधली तांब्याची तार हातकड्यांसाठी उत्तम, कारण किटमधल्या प्लॅस्टिकच्या कड्या जाड दिसतात. ओढदोरासाठी शिलाईचा दोरा पीळ देऊन घ्यावा. ताडपत्रीसाठी टिश्यू पेपर पातळ केलेल्या फेव्हिकॉलमध्ये भिजवून घडी घालावी. जोडाच्या रेषा बाराशे नंबरच्या पॉलिश पेपरने पाण्यात घासाव्यात. वेल्डिंगची सांध उंचवटेदार हवी, आणि ती खरोखर कशी दिसते हे पाहायचे तर आमच्या शहरापासून दोन-अडीच तासांवर अहिल्यानगरचे (२०२४ पूर्वीचे अहमदनगर) रणगाडा संग्रहालय आहे. आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूलने १९९४ मध्ये ते उभे केले. तेथे मॅटिल्डा, व्हॅलेंटाइन, चर्चिल, पॅटन आणि जपानी हा-गो उघड्यावर उभे आहेत. ओतीव पोलाद खडबडीत असते, लाटलेले गुळगुळीत, हे छायाचित्रात कळत नाही. तिथे बोट फिरवले की कळते.

या कामात आम्हांला सर्वाधिक अस्वस्थ करणारी गोष्ट कवच ही होती. पीटी-७६ चे चिलखत कोठेही वीस मिलिमीटरच्या वर नाही, बाजूला तर त्याहूनही कमी. तरंगायचे असेल तर जाड चिलखत परवडत नाही. म्हणून जड मशीनगनच्या गोळ्यादेखील त्याला जवळून भेदू शकतात. प्रतिकृतीच्या प्लॅस्टिकची जाडी सुमारे एक मिलिमीटर, म्हणजे प्रमाणाने पस्तीस. याचा अर्थ असा की टेबलावरचा हा रणगाडा खऱ्यापेक्षा दुपटीने सुरक्षित आहे. बाहेरून प्रत्येक माप बिनचूक असूनही नेमक्या त्याच बाबतीत ही प्रतिकृती खोटे बोलते, ज्या बाबतीत आतल्या तिघांचा जीव अवलंबून होता. काही जण कडांना आतून तासून प्लॅस्टिक पातळ करतात. आम्हीही झाकणाच्या कडा तशा तासल्या. कडा पातळ झाली की पाहणाऱ्याला ते पत्र्याचे वाटू लागते. तपशील म्हणजे भर घालणे नव्हे, काढून टाकणेही असते, हे आम्ही येथे शिकलो.

दिवस आम्ही ठरवला तो २१ नोव्हेंबर १९७१. युद्ध अधिकृतपणे सुरू झाले ३ डिसेंबरला. त्याआधीच आदल्या रात्री १४ पंजाब ही पलटण आणि ४५ कॅव्हलरीच्या एका स्क्वॉड्रनचे चौदा पीटी-७६ सीमा ओलांडून जेसोर भागातील गरीबपूर येथे पोचले होते. पहाटेच्या दाट धुक्यात पाकिस्तानी सैन्याने अमेरिकी बनावटीच्या चॅफी रणगाड्यांसह प्रतिहल्ला केला. चॅफींची तुकडी त्या सकाळी जवळजवळ संपली. स्क्वॉड्रनचे प्रमुख मेजर दलजीत सिंह नारंग आपल्या रणगाड्यातून नेतृत्व करीत असताना मशीनगनच्या गोळ्यांनी मारले गेले. त्यांना मरणोत्तर महावीर चक्र मिळाले. त्यांच्यानंतर सूत्रे हाती घेणारे कॅप्टन, पुढे ब्रिगेडियर, बलराम सिंग मेहता यांनी २०१६ मध्ये यावर पुस्तक लिहिले.

दिवस ठरला की अनेक गोष्टी आपोआप ठरतात. माती, उदाहरणार्थ. आमच्या परिसरातली काळी माती वाळवून, वस्त्रगाळ करून चाकांवर लावण्याचा मोह होतो. पण ती बेसाल्टची माती, आणि गरीबपूर गंगेच्या गाळावर वसलेले. तेथला चिखल करडा हवा. उन्हाने उडालेला रंग, गंजाचे ओघळ यांना छंदिकांमध्ये फार मान आहे. पण धुक्याच्या पहाटेचा ओलसर रणगाडा दाखवायचा तर धूळ उडवून चालत नाही.

झाकणाचा प्रश्न याहून अवघड. पीटी-७६ च्या घुमटावर एकच मोठे झाकण असते आणि ते पुढे उघडते. ते बंद ठेवले तर प्रतिकृती स्वच्छ, पूर्ण, कपाटात ठेवण्याजोगी. उघडे ठेवले तर आत पाहावे लागते, आणि आमच्या किटमध्ये आत काहीही नाही : बैठक नाही, तोफेचा मागचा भाग नाही, गोळे नाहीत. या रणगाड्यात प्रमुखालाच तोफही डागावी लागते. धुक्यात झाकणाआडून दिसणार काय, आणि बाहेर डोके काढावे तर चिलखत नाही. हा पेच ज्या जागी माणसाला गाठतो ती जागा बंद करून टाकणे आम्हांला पटेना. म्हणून झाकण उघडे ठेवले, आणि आतला जेवढा भाग वरून दिसतो तेवढा कार्ड, तार आणि जुन्या पेनांच्या नळ्या यांतून उभारला. माणूस मात्र बसवला नाही. किटबरोबर मिळणाऱ्या पुतळ्यांचे चेहरे कोणाचेही असतात, आणि येथे तसे चालणार नव्हते.

शेवटचा वाद आमचा आपापसांतच झाला, घुमटावरच्या क्रमांकावरून. मिळालेली छायाचित्रे कृष्णधवल, थोडी आणि दुरून घेतलेली. त्यांत एका विशिष्ट रणगाड्याचे अंक निश्चित वाचता येत नाहीत. आमच्यापैकी एकाचे म्हणणे असे की त्या स्क्वॉड्रनच्या पद्धतीला धरून संभाव्य अंक घालावेत, कारण कोरा रणगाडा कोणाचाच वाटत नाही. दुसऱ्याने पैठणचा आधार काढला. एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, उपलब्ध पोथ्या ताडून ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली, आणि पदरची ओवी घालणाऱ्याला कडक शब्दांत बजावले. स्वतः एवढे मोठे कवी असताना त्यांनी आपली ओवी घातली नाही, हे महत्त्वाचे. त्यावर पहिल्याचे उत्तर असे, की एकनाथांनीही पाठ निवडले, आणि निवडणे हेही घालणेच आहे. अनुमान वर्ज्य मानले तर प्राचीन वाङ्मयाचे निम्मे संपादन बंद पडेल. हा मुद्दा आम्हां दोघांनाही खोडता आला नाही. तूर्त घुमटाच्या दोन्ही बाजू कोऱ्या आहेत, आणि कापलेले अंक एका पाकिटात घालून प्रतिकृतीखालच्या फळीला मागच्या बाजूने चिकटवून ठेवले आहेत.